पाठराखीण

ओढणी धुतलेली होती. नुसती धुतलेली नव्हे. नीळ देऊन, इस्त्री फिरवून, चौघडी करून स्वच्छ पिशवीत ठेवलेली होती.

"हौसाक्का, ही कुणी धुतली?" शैलजाताईंनी विचारलं.

"मीच की." हौसाक्का ओसरीवर आमच्यासाठी चहा घेऊन उभ्या होत्या. "संग्रामनं काल कोल्हापुरातनं कुत्री आणली, तिच्या संगं ह्ये फडकं. काय वास मारत हुतं बया! परक्याच्या दारात असलं मळकं कापड धाडायचं व्हय? कासेगावच्या बायकांना वळण न्हाई म्हंतील."

"अहो, तो वासच तर पाहिजे होता!"

"वास?" हौसाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. एखादा माणूस भ्रमात बोलायला लागला की लोक त्याच्या सोबत्याकडे बघतात, तसं.

मी चहाचा कप उचलला. अशा वेळी काय बोलावं ते मला सुचत नाही. इतर वेळीही फारसं सुचत नाही.

शैलजाताई घोरपडे सांगलीच्या एका रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. मी तिथल्याच एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. 'सोबती' नावाच्या प्राणी-निवाऱ्यातली कुत्री-मांजरं आम्ही दोघं दर शनिवारी त्यांच्या नव्या घरी पोचवतो. पैसे मिळत नाहीत, मागतही नाही. लांबचा पल्ला असला की जनावर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातं. या खेपेला हौसाक्कांच्या मुलाने, संग्रामने, खारी नावाच्या कुत्रीला कोल्हापूरहून कासेगावपर्यंत आणलं होतं आणि तो कामावर निघून गेला होता. पुढे कराड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण हा टप्पा आमचा. आमची गाडी विजेची आहे आणि हमरस्त्यावर आपली आपण चालू शकते, पण शैलजाताई तिला चालू देत नाहीत. मी शेजारी बसतो. माझ्या आठवड्यात ज्याला बोलणं म्हणावं असं जे काही होतं, ते त्या गाडीतच.

खारी अंगणात पारिजातकाच्या बुंध्याशी पडून होती. बेकरीतल्या खारीसारखाच रंग, एक कान मोडलेला. समोर दूधभाताचं ताट होतं आणि त्यावर माशा बसत होत्या. दोन आठवड्यांपासून ती अशीच अर्धपोटी होती आणि परवापासून तिने पाण्यापलीकडे कशाला तोंड लावलं नव्हतं. निवाऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आज शमन द्या, नाहीतर सोमवारी सलाईन लावावं लागेल, आणि त्यानंतरचं काही सांगता येत नाही.

शमन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मी शास्त्रज्ञ नाही. वाचलेलं सांगतो आहे, चूक असेल तर ती माझी.

पूर्वी लोक समजत की आठवण एकदा मेंदूत पक्की बसली की दगडावरच्या अक्षरासारखी तशीच राहते. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की तसं नाही. आठवण जागी होते तेव्हा ती थोडा वेळ सैल पडते, आणि पुन्हा पक्की होण्यासाठी मेंदूला नवी प्रथिनं बनवावी लागतात. माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, पुस्तक वाचायला काढलं की ते कपाटात नसतं, टेबलावर असतं. वाचून झालं की पुन्हा जागेवर जातं. त्या मधल्या वेळात कुणी कपाटाला कुलूप घातलं, तर पुस्तक परत जाऊ शकत नाही. शमन हे ते कुलूप. नाकात मारायचा फवारा आहे तो. माणसाच्या आठवणीला शब्द, चित्रं, गाणी असे शंभर धागे असतात, त्यामुळे माणसांवर त्याचा अजून धड उपयोग होत नाही. कुत्र्याच्या आठवणीची मुख्य किल्ली म्हणजे वास. म्हणून जुन्या मालकाचा न धुतलेला कपडा हुंगायला द्यायचा. गळपट्टा हृदयाचे ठोके आणि श्वास मोजत असतो; त्यावरचा दिवा निळ्याचा केशरी झाला की आठवण सैल झाली असं समजायचं आणि लगेच फवारा मारायचा. तासाभरात कुत्रं उठतं, शेपूट हलवतं, दिसेल त्याच्या हातून खातं.

शमन आल्यापासून परत येणारी कुत्री जवळजवळ बंदच झाली होती. आधी लोक हौसेने न्यायचे आणि आठवड्याने आणून सोडायचे. सारखं दाराकडे तोंड करून बसतं, आमच्याकडे बघतच नाही, म्हणायचे. आता तसं होत नव्हतं. मला मात्र कधीकधी वाटे, की ही कुत्री जरा जास्तच सहज रमतात. पण मला काय कळतं, असं म्हणून मी ते मनातच ठेवलं होतं.

शैलजाताईंनी धुतलेली ओढणी खारीच्या नाकाशी धरली. खारी शिंकली. दिवा निळाच राहिला.

निवाऱ्याचं काम बघणाऱ्या तन्वीर मुजावरला त्यांनी फोन लावला आणि मलाही ऐकू यावा म्हणून बोनेटवर ठेवला.

"धुतली?" तन्वीर ओरडला. "बरं. हिची मालकीण कराडातच असते. रेवती निकम. गडहिंग्लजचं माहेर, लग्न होऊन कराडला दिली. वडील गेले, घर मोडलं, सासरी ठेवता येत नाही म्हणून कुत्री आपल्याकडं. वाटेवरच आहे, दुसरा कपडा घ्या. पण ताई, दोघींची गाठ घालायची नाही हां. वास वेगळा आणि माणूस वेगळं. माणूस दिसलं की आठवण दुप्पट पक्की होते."

"ते मला शिकवतोस होय रे?"

"तुम्हाला नाही, काकांना सांगतोय. काका, ऐकताय ना? फवारा न देता जनावर पोचवलं तर त्या गाडीला पुन्हा फेरी नाही. कमिटीचा नियम आहे, माझा नाही."

मी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे नंतर लक्षात आलं.

निघताना हौसाक्का खिडकीशी आल्या. त्यांना आता सगळं समजलं होतं आणि चेहरा पडला होता. "माझ्या हातनं चुकी झाली वो," त्या म्हणाल्या. "पर तिला इसरायलाच लावायचं, तर मग तिचं काय ऱ्हायलं?"

शैलजाताईंनी गाडी सुरू केली. "जीव राहील, अक्का," त्या म्हणाल्या.

कराडला शनिवार पेठेत एका वळणावर गाडी उभी राहिली. खारीजवळ शैलजाताईंना बसणं भाग होतं, म्हणजे वर मलाच जावं लागणार होतं.

"मी काय बोलू?"

"कपडा मागा. त्यात काय भाषण करायचंय?"

तीन मजले चढेपर्यंत मी वाक्य घोकत होतो. दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. त्यांच्या हातात दम्याचा पंप होता.

"रेवती निकम इथेच राहतात का?"

"सून माझी. काय काम होतं?"

"मला त्यांचा एक कपडा हवा होता," मी म्हणालो. "अंगावरचा. म्हणजे, वापरलेला. न धुतलेला."

बाईंनी माझ्यावरची नजर न काढता आत हाक मारली. "रेवती, जरा बाहेर ये. आणि येताना लाटणं घेऊन ये."

रेवती आली. पोळ्या चालू असाव्यात, कारण लाटणं खरोखरच हातात होतं. तिशीची, सडपातळ, कपाळावर पिठाचा पुसट पट्टा. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. घोकलेलं सगळं विसरून मी एवढंच म्हणालो, "खारी."

लाटणं तिने भिंतीला टेकवून ठेवलं. "गेली?"

"नाही, नाही. आहे. खात नाही." मग मात्र मी सगळं सांगितलं, ओढणीपासून. तिच्या सासूबाईंनी, निकमबाईंनी, मला खुर्ची दिली. कपड्याचा उलगडा झाल्यावर त्यांना हसू आलं, पण खारी उपाशी आहे हे ऐकल्यावर ते मावळलं.

"ती खाली आहे?" रेवतीने विचारलं.

"वळणावर... म्हणजे, नाही."

"काका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"नाही येत," मी कबूल केलं. "पण तुम्ही खाली यायचं नाही असं आहे."

ती आत गेली आणि बांगड्यांचा आवाज करत धुवायला टाकलेला एक कुर्ता घेऊन आली. माझ्यासमोर धरला. मी हात पुढे केला, पण तिने तो सोडला नाही.

"हा हुंगून ती मला विसरेल."

"हो."

"आणि बाबांना?"

मी विचार केला. "एकाच घरातले वास. एकमेकांत गुंतलेले असणार. ते घरच जाईल, असं मला वाटतं."

"बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी आले की चप्पल काढायच्या आधी दारात एकदा खोकायचे. एकदाच. खारी जिथं असेल तिथून सुटायची. मी त्यांना चिडवायची, बाबा, तुमचा खोकला म्हणजे तिची शाळेची घंटा." तिने कुर्त्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "अजून कुणी खोकलं की तिचे कान होतात का उभे?"

वाटेत शैलजाताईंना ठसका लागला होता. मोडलेला कानसुद्धा ताठ झाला होता. मी म्हणालो, "होतात."

"आई मी लहान असतानाच गेली. भाऊ-बहीण नाही. तो खोकला आठवणारं जगात आता कोण आहे? मी आणि ती. तिच्याकडचं पुसलं की मी एकटीच. मग एखाद्या दिवशी मलाच वाटेल, खोकायचे की मी आपलं मनानं रचलं?"

मी पस्तीस वर्षं ग्रंथालयात काढली. एखाद्या पुस्तकाची दुसरी प्रत रद्दीत काढायची, तेव्हा काही वाटत नाही, पहिली असतेच. आणि मग एक दिवस पहिलीला वाळवी लागलेली दिसते. हे मी तिला बोललो नाही. बोललो ते भलतंच, आणि ते बोलायचा मला अधिकारही नव्हता.

"आणखी एक रीत आहे," मी म्हणालो. "मी फक्त वाचली आहे. कुणी करून बघितलेली मला ठाऊक नाही. आठवण सैल असते तेव्हा ती पुसता येते, तशीच तिच्यात भरही घालता येते. म्हणजे जुनं माणूस समोर असतानाच नवीन माणसं जवळ यायची. त्यांचा वास, त्यांचा हात, त्यांचं अन्न. आठवण पुन्हा पक्की होते तेव्हा त्यांना सोबत घेऊनच पक्की होते. विसरणं नाही. पण याला वेळ लागतो, जुनं माणूस बरोबर न्यावं लागतं. निवाऱ्याला दर आठवड्याला तीस जनावरं पोचवायची असतात. फवारा सोपा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर भेट होऊन पुन्हा ताटातूट. आधीपेक्षा वाईट. ती खाणं सोडेल ते..." मी खुर्चीतून उठलो. "म्हणून मी आग्रह करत नाही. कुर्ता द्या, मी जातो. माझी चूक झाली, मी हे सांगायला नको होतं."

रेवती कुर्त्याची घडी घालत राहिली, मोडत राहिली.

"तिला पाठराखीण पाहिजे," निकमबाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"माझ्या लग्नात माझी आजी आली होती पाठराखीण. चार दिवस राहिली. मला काही विसरायला लावलं नाही तिनं. सासूबाईंच्या शेजारी बसून भाजी निवडायची, एवढंच. जाताना म्हणाली, हिला भात जरा मऊ लागतो, आणि हिला हाक मारली की लगेच ओ देत नाही, ऐकू येत नाही असं समजू नका. ती गेली त्या दिवशी मी रडले खूप, पण जेवले." त्यांनी पंपाचा एक झुरका घेतला. "हिच्या वेळी माहेरचं बाईमाणूसच नव्हतं. आली बिचारी एकटी. आणि तिची कुत्री माझ्या ह्या छातीपायी निवाऱ्यात गेली. मला काय कळत नाही होय? जा ग. पोळ्या मी लाटते."

"आई, तुम्हाला पिठानं त्रास..."

"तोंडाला पदर बांधते. जा."

रेवती आत जाऊन झालेल्या पोळ्या फडक्यात बांधून घेऊन आली. जिन्यात मात्र मी एकेक पायरी मोजत उतरलो. खाली शैलजाताई होत्या.

त्यांनी लांबूनच आम्हाला दोघांना पाहिलं आणि गाडीचं दार लावून घेतलं. खिडकीची काच चार बोटं खाली आली.

"काका, तुम्हाला कपडा आणायला पाठवलं होतं."

मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी अर्ध्यातच तोडलं. "वाचलंय! पुस्तकात वाचलेल्यावर मुक्या जिवाला टांगणीवर ठेवायचं? मी तीस वर्षं वॉर्डात काढलीत. नातेवाईक येतात, रडतात, जातात, आणि मग पेशंट भिंतीकडं तोंड करून पडतो. ते मी बघितलंय, तुम्ही नाही. आणि ही फेरी गेली तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. शनिवार त्यांच्यासाठीही शनिवार होता, हे मला तेव्हा कळलं.

पण काच चार बोटं खाली होती, आणि तेवढी पुरली.

आत खारी आधी उठलीच नाही. नुसतं नाक हललं. मग सगळं अंग थरथरायला लागलं, गोधडीवर ओल पसरली आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, कुरकुरही नव्हे आणि भुंकणंही नव्हे. गळपट्ट्यावरचा दिवा केशरी झाला. इतका गडद केशरी मी कधी पाहिला नव्हता. शैलजाताईंनी दार उघडलं. खारी उतरली, रेवतीच्या पायांवर डोकं ठेवून आडवी झाली आणि तशीच राहिली. रेवती रस्त्यातच खाली बसली. जाणाऱ्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि मग वळसा घालून गेला.

शैलजाताईंच्या हातात फवारा होता. टोपण काढलेलं होतं.

"आत्ता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यापेक्षा चांगली वेळ मिळायची नाही. एका झटक्यात काम होईल, आणि सोमवारी ही जिवंत असेल याची मी खात्री देते. तुम्ही देता का? बोला काका. तुम्ही म्हणाल तसं."

माझ्याकडे खात्री नव्हती. आयुष्यात कधीच कशाची नव्हती. रेवती वर बघत नव्हती. तिचा हात खारीच्या मानेवर होता आणि ती काहीच मागत नव्हती.

"नको," मी म्हणालो.

शैलजाताईंनी टोपण लावलं. "चिपळूणपर्यंत," त्या म्हणाल्या. "ही पोरगी तिथून निघाल्यावर कुत्रीनं त्या घरचं खाल्लं तर ठीक. नाही खाल्लं, तर मी परत आत जाऊन फवारणार, आणि तुम्ही दोघं मला अडवणार नाही. कबूल?"

रेवतीने मान हलवली. मीही.

पाटणच्या पुढे खारीने रेवतीच्या हातून अर्धी पोळी खाल्ली. मला इतका आनंद झाला की मी मागे वळून बघतच राहिलो.

"हुरळून जाऊ नका," शैलजाताई म्हणाल्या. "हिच्या हातचं खाणारच ती. हिच्या मागं काय खाते ते बघायचंय." पण त्यांनी घाटातल्या वळणांवर गाडी इतकी हळू घेतली, की मागच्या ट्रकवाल्याने आमचा उद्धार केला.

खारीला घेणाऱ्या मयेकरांचं घर चिपळूणच्या बाहेर, वाशिष्ठीच्या अंगाला होतं. जयवंत मयेकर दाभोळच्या फेरीबोटीवर होते, आता घरी. त्यांची पत्नी कुमुदिनी, ठेंगणी, गोल, सतत काहीतरी पुसणारी. दोघं फाटकाशी उभी होती. गाडीतून तीन माणसं उतरलेली बघून काकू गोंधळल्या.

"तुम्ही तर दोघं येणार होतात ना?"

"ही तिची पाठराखीण," शैलजाताई म्हणाल्या. स्वर कोरडा होता, पण शब्द त्यांनीच वापरला.

मयेकरकाकूंनी आतून तांब्याभर पाणी आणि भाकरतुकडा आणला, आणि आधी रेवतीवरून ओवाळला, मग खारीवरून. खारीने तुकड्याचा वास घेतला आणि तोंड वळवलं.

मी त्यांना सगळं समजावलं. कधी नव्हे ते सलग बोललो. काकूंना त्यातलं प्रथिनांचं काही पोचलं असेल असं वाटत नाही, पण करायचं काय ते लगेच पोचलं. पडवीत दोघी बायका शेजारी शेजारी बसल्या, मध्ये परात. उकडा भात, मऊ केलेली भाकरी, थोडं दूध. दोघींनी एकाच परातीत हात घालून कालवलं. घास कधी रेवतीचा, कधी काकूंचा. खारी पहिल्या हातून घेत होती, दुसऱ्या हाताला नुसतं नाक लावून मागे सरत होती. दिवा केशरी होता.

"हिला पाठीवर थोपटलेलं आवडत नाही," रेवती सांगत होती. "हनुवटीखाली. पाऊस वाजायला लागला की पलंगाखाली जाते, काढू नका, आपली आपण येते. केळं दिलंत तर जन्माची मैत्रीण. आणि..." ती अडखळली. "दारात कुणी खोकलं तर धावत जाईल. तिला वाटतं, माझे बाबा आले."

मयेकर खांबाला टेकून उभे होते. "मग मी नाय खोकणार हां," ते घाईघाईने म्हणाले. "तिची फसवणूक नको."

रेवती त्यांच्याकडे वळली. "नाही काका," ती म्हणाली. "खोका तुम्ही. येताना खोका. कुणासाठी तरी धावेल ती."

ऊन माडांच्या मागे गेलं तसं शैलजाताई उठल्या. "निघायला हवं. घाट उजेडात चढू."

रेवतीने खारीच्या मोडक्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते मी ऐकलं नाही, विचारलंही नाही. मग ती उठली, आणि फाटकातून बाहेर येऊन गाडीत पुढे माझ्या जागेवर बसली. मी मागे बसलो, जिथे खारीची गोधडी होती.

फाटक लागलं. खारी धावत आली आणि तिने फाटकावर पंजे टाकले. तो मघाचा आवाज पुन्हा निघाला, पण आता लांबत गेलेला. रेवतीने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. शैलजाताईंनी गाडी थोडी पुढे घेतली, रस्त्याच्या कडेला थांबवली, आणि खिशातून फवारा काढून मांडीवर ठेवला.

आम्ही बसून राहिलो. मी मागच्या काचेतून बघत होतो. खारी पंजे काढून फाटकाशी बसली, रस्त्याकडे बघत. मयेकरांनी तिला हाक मारली नाही. काकू परात घेऊन आल्या, तिच्या बाजूला जमिनीवर ठेवली आणि स्वतः तिथेच मातीत बसल्या, पदराने तोंड पुसत. बराच वेळ काही झालं नाही. एकदा खारीने परातीकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. शैलजाताईंनी टोपण काढलं. दार उघडायला त्यांचा हात गेला.

"ताई," मी म्हणालो. "जरा."

काकूंनी परातीत हात घातला, एक घास कालवला आणि हातातच धरून ठेवला. पुढे केला नाही. खारीचं नाक त्या हाताकडे वळलं, परत फिरलं, पुन्हा वळलं. गळपट्ट्यावरचा दिवा इतक्या लांबून कोणत्या रंगाचा आहे ते मला दिसत नव्हतं. मग तिने मान खाली घातली आणि काकूंच्या बोटांमधून घास घेतला. त्यानंतर परातीत तोंड घातलं. अंगाची जागा तिने बदलली नाही. तोंड रस्त्याकडे ठेवूनच ती खात राहिली.

रेवती डोळे मिटून, कान झाकून बसली होती.

शैलजाताईंनी फवारा बंद करून खिशात टाकला. नाक ओढलं. मग हात लांब करून रेवतीच्या बाजूचा आरसा थोडा थोडा वळवत नेला, जोवर त्यात ते फाटक आलं नाही तोवर, आणि तिच्या गुडघ्यावर थाप मारली.

"बघ," त्या म्हणाल्या.